सज्ज्याच्या लाल-निळ्या काचा

बायजाला आधीच नावं ठेवू नका. ते घर होतंच तसं! खोपोलीला नुकती वीज तयार व्हायला लागली होती, त्या सालातली ही गोष्ट. कर्जतच्या पेठेत एका तांदळाच्या व्यापाऱ्यानं दुमजली घर बांधलं होतं. सागवानी जिना, फुलाफुलांची फरशी आणि वर सज्ज्याला लाल-निळ्या काचा. मावळतीचं ऊन आत आलं, की भिंतीसुद्धा रंगून जायच्या.

नदीपलीकडच्या वाडीतून बायजा तिथं सकाळ-संध्याकाळ दूध घालायची. त्या संध्याकाळी तिनं लेकीला, पारूला, सोबत आणलं. पोर काचा बघायला धावत वर गेली. दूध मापता मापता बायजा बोलून गेली, "माझी पारू हितंच राह्यली तर किती बरं होईल!"

घरधनीण चंद्राबाई दचकल्या. "दिवेलागणीला असं बोलू नये गं. वास्तू तथास्तु म्हणते."

बायजा नुसती हसली. जिन्यापाशी जाऊन तिनं हाक मारली, "पारू, चल गं!"

"आले..." पैंजण वाजत खाली आले.

तिन्हीसांजेला नदी ओलांडायची, तर मागं वळून बघायचं नाही, ही वाडीची रीत. बायजानं ती पाळली. मागं पैंजण वाजत होते, त्या भरवशावर ती घरी आली. पोरगी जेवली नाही. गोधडी तोंडावर ओढून निजली. रुसली असेल मेली, म्हणून बायजानं सोडून दिलं.

पहाटे नवरा शेतावर गेला. बायजानं अंधारातच आपल्या तान्ह्या बाळाला पोरीच्या मांडीवर दिलं. पोरीचा हात गार लागला, पण दिवस थंडीचे होते.

पेठेत पोचली, तर चंद्राबाई दारातच उभ्या. "अगं, लेकीला विसरून कशी गेलीस? अंधार पडला म्हणून ठेवून घेतली. रात्रभर रडली पोर."

त्यांच्यामागून पारू आली नि आईला बिलगली. "आय, तू हाक मारलीस... पन मी 'आले' नाय म्हनले गं... दुसरंच कुनी म्हनलं..."

"माझं बाळ!" बायजानं दुधाची चरवी तिथंच टाकली आणि पारूला ओढत ती धावत सुटली.

घरात कुणी नव्हतं. बाळ पाळण्यात होतं, धडधाकट. बायजानं देवाला हात जोडले नि ती ढसढसा रडली.

बाळ मात्र खिदळत होतं. तिच्याकडं बघून नाही, तिच्या खांद्यावरून मागं, दाराकडं. पाळण्यावर लाल-निळा उजेड हलत होता.

त्या कुडाच्या घरात काचेचा तुकडासुद्धा नव्हता.