कळंबाचं पान

तासगावच्या द्राक्ष रोपवाटिकेत आता कलमाची जात कुणी पान चुरगळून सांगत नसे. रसाचा एक थेंब पट्टीवर टाकला, की तळहाताएवढं नाळयंत्र सांगे, ही दोन रोपं किती पिढ्यांमागे एकाच वेलीची. शर्वरी दिवसाला चारशे कलमं तपासायची. त्या रविवारी मात्र तिने यंत्र घरी आणलं, कारण अंगणातल्या कळंबाखाली तिचं लग्न मोडायला माणसं जमली होती.

गाडं अडलं होतं देवकापाशी. साखरपुडा चार दिवसांवर आला आणि कळलं, की नवरदेव इंद्रजितच्या घरचंही देवक कळंबच. आडनाव वेगळं, गाव वेगळं. विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. भावकीतले वडीलधारे तात्या गरजले, “एका झाडाची पोरं तुमी. भाऊबहीण! हे लगीन व्हायचं न्हाई.”

“माझा सुजय हाय की,” आत्या खाली मान घालून म्हणाली. आतेभाऊ म्हणजे हक्काची सोयरीक. माना डोलल्या.

शर्वरीचा संताप झाला. लग्न तिचं, आणि तिलाच कुणी विचारत नव्हतं! तिने आणि इंद्रजितने पट्टीवर थुंकीचा थेंब दिला. आकडा उमटला: सामाईक पूर्वज, सव्वीस पिढ्यांमागे. मग पट्टी सुजयपुढे.

“त्याला यंत्र कशाला? आपली आज्जी एकच की,” सुजय म्हणाला. कुणीतरी फिसकन हसलं.

“आता सांगा तात्या, भाऊ कोण?” शर्वरीने विचारलं.

“यंत्राला काय कळतंय? कळंब आपला मूळपुरुष हाय!”

शर्वरीने हात वर करून पान तोडलं. लग्नकार्याशिवाय त्या झाडाला कुणी नख लावत नसे. बाया चरकल्या. तिने रस पट्टीवर आपल्या थेंबाशेजारी पिळला. यंत्र बराच वेळ घुमलं, मग बोललं: सामाईक पूर्वज, दीडशे कोटी वर्षांमागे.

“खरंय तुमचं, तात्या. तो मूळपुरुष एका पेशीचा होता. त्याचं एक पोर कळंब झालं, एक आपण. साखर जाळून जगायची रीत दोघांनी त्याच्याकडनंच घेतली. पण मग गोठ्यातली म्हैसबी त्याचीच. या झाडाबाहेरचा नवरा आणू कुठनं? साखरपुडा गुरुवारीच होणार. आलात तर पहिला मान तुमचा.”

तात्या उठले. पण आत्या आधी उठली होती. तिने पान उचलून त्यांच्यापुढे धरलं.

“तात्या, तीस वर्षांमागं माझी सोयरीक तुमी ह्याच कळंबापायी मोडली. तो माणूस माझा कितव्या पिढीचा भाऊ होता?”