शेवटचा मान्य आवाज

चंद्रावरच्या ‘माची’ तळावर शौचालयाचं दारसुद्धा तोंडी हुकमाशिवाय उघडत नसे. त्यामुळे तुळशीराम मेश्राम गेले अठरा महिने तिकडे जाताना एक मान्य माणूस सोबत नेत असे.

भंडाऱ्याचा हा यंत्रज्ञ पहिल्याच महिन्यात बाद झाला होता. तळावर वीस माणसं. हुकूम आधी इंग्रजीत होते. पण पृथ्वीवरून येणारी प्रत्येक नवी तुकडी नवंच इंग्रजी बोले, जुने तिला नावं ठेवत, आणि दारं गोंधळून अर्धीच उघडत. मग मराठी आली, आणि तिच्यासोबत डॉ. हर्षवर्धन लिमये यांची ‘बोलपारखी’. ही यंत्रणा सगळ्या मान्य आवाजांची सरासरी काढी. तीच प्रमाणभाषा. दर महिनाअखेरीला दुपारी बारा वाजता त्या सरासरीपासून सर्वांत लांब असलेला आवाज कायमचा बाद.

“एक गेला की सरासरीही सरकणार,” भाषाधिकारी निशिगंधा केळुसकर तेव्हा म्हणाली होती. “मग पुन्हा कुणीतरी लांबचा ठरेलच.”

“ठरू दे की,” लिमये म्हणाले होते. “शुद्धतेला थोडाच शेवट असतो?”

नियम बदलता येई, पण मान्य आवाजांच्या एकमताने. पृथ्वीवरून बदलायचा तर समिती बसावी लागे, आणि समिती अजून खुर्च्यांवरच अडली होती. तळावर दर महिन्याला मतदान होई, आणि उरलेल्यांना दर महिन्याला वाटे, गेला तो जरा गावंढळच होता. निशिगंधाने प्रत्येक वेळी ‘नको’ म्हटलं. घरची मालवणी तिने पुण्याच्या वसतिगृहात, मुलींच्या हसण्याला भिऊन, जिभेवरून खरवडून काढली होती. ते हसू तिला पुन्हा ऐकायचं नव्हतं.

आता मान्य दोघंच उरले होते : ती आणि लिमये. बाकीचे अठरा रांग लावून दारं उघडून घेत.

आज महिनाअखेर. बाराला दहा मिनिटं असताना बाहेरून, रेडिओवर, मेश्रामचा आवाज आला.

“मॅडम, सौरपट्ट्या झाल्या झाडून. दाराशी याले पाव तास लागन. श्वासपेटीत अर्ध्या तासाची हवा हाय. आन आज ते मत देऊन टाका ना! का जनमभर मले संडासात सोडाले येता?”

“मी तयार आहे,” लिमये म्हणाले. “मला दारवान म्हणून मरायचं नाही.”

“बारा वाजू देत,” निशिगंधा म्हणाली. “मी एकटी उरले की लगेच बदलते. एकटीचं एकमतच असतं.”

“तुम्हीच उराल कशावरून?”

“तुम्ही नाकात बोलता.”

बारा वाजले. बोलपारखी म्हणाली, “सर्वांत लांबचा आवाज : केळुसकर. सर्वांत लांबचा आवाज : लिमये. दोन्ही बाद. सहकार्याबद्दल आभार.”

“दोघांची सरासरी बरोबर मधोमध पडते,” लिमये हळूच म्हणाले. “दोघंही तिच्यापासून सारखेच लांब. शाळकरी गणित आहे हो.”

पाच मिनिटांनी बाहेरच्या दाराच्या काचेपलीकडे मेश्राम येऊन उभा राहिला. त्याने हात हलवला.

“दार उघडा,” निशिगंधा स्वच्छ, कोरीव उच्चारात म्हणाली. दार हललं नाही. तिने पुन्हा सांगितलं. मग ओरडली. मग मुठी आपटल्या. दार हाताने उघडायचं चाक वजन वाचवायला वगळलेलं होतं.

श्वासपेटीवरचा दिवा पिवळा झाला, मग लाल.

“उघड रे मेल्या दार!” तिच्या तोंडून निघालं, वीस वर्षांनी. “भियां नको हां, तुळशीराम. मी हंयच आसंय.”

काचेपलीकडे तो क्षणभर थबकला. मग हसला असावा. शिरस्त्राणाची काच आतून धूसर झाली होती.

“काऊन मॅडम,” तो धापा टाकत म्हणाला, “तुमी पन आमच्यातल्याच काय?”

“कृपया शुद्ध बोला,” दार म्हणालं. निशिगंधा आणि लिमये यांच्या बरोबर मधल्या, कुणाचाच नसलेल्या आवाजात.