थेट निवड

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या फ्लेक्सच्या दुकानात तेजल आपला बॅनर बघून आधी थबकली, मग खुदकन हसली. ‘पंतप्रधान राष्ट्रपतींसारखे झाले आहेत का?’ – हातभर अक्षरांत.

“काय झालं, मॅडम? काना-मात्रा चुकली?” कॉम्प्युटरवर बसलेल्या करणनं विचारलं.

“अर्थच उलटा झाला! आपले राष्ट्रपती सह्या करतात. मला कारभार स्वतः हाकणारे, लोकांनी थेट निवडलेले पाहिजेत – राष्ट्राध्यक्ष. कॉलेजात वादविवाद ठेवलाय मी. मुलं मला सोलून काढतील.”

“मला वाटलं, दोन्ही एकच.” करण ओशाळला. मग त्याचे डोळे चमकले. “पण झालेत, मॅडम. इथं बसून दिसतं. शेठच्या जुन्या बॅनरांवर उमेदवार मोठा, वर पाच-सहा पुढारी एका मापाचे. आता एकच चेहरा अर्धा बॅनर खातो. उमेदवारच म्हणतो, माझा फोटो लहान टाक.”

तेजल बघतच राहिली. हे तिच्या पुस्तकात नव्हतं.

“पण लोकसभेत बहुमत गेलं, की तो चेहरा घरी जातो,” ती म्हणाली. “राष्ट्राध्यक्ष तसा जात नाही.”

“हे भारी आहे. अजून सांगा ना... चहा मागवू?”

वादविवाद झाला, बॅनर उतरला, पण तेजलची कॅम्प दोनमधली कामं काही संपेनात. कधी प्रमाणपत्रं छापायची, कधी नुसतंच. ‘मॅडम’ची ‘तेजल’ झाली, ‘तुम्ही’चं ‘तू’.

दिवाळीनंतर एका दुपारी तिच्या चहावर साय धरली, तरी ती बोलेना.

“रविवारी आमच्या घरी, बदलापूरला, पाहुणे येतायत,” शेवटी ती म्हणाली. “मला बघायला.”

करणनं माऊस सोडला. “मी... मी घरी आण्णांना सांगतो. आण्णा मामाला सांगतील. मामाची तुमच्या बिल्डिंगमध्ये ओळख आहे, ते तुझ्या बाबांना...”

“तुमचं बहुमत जमेपर्यंत रविवार उलटेल!”

“मग काय करू?”

“थेट विचार ना, येड्या.”

प्रिंटर घरघरत होता. करणनं तो बंद केला.

“माझ्याशी लग्न करशील?”

“करीन.”

तिनं तिथूनच फोन लावला. “बाबा, पाहुण्यांना नाही म्हणून कळवा. मी मुलगा ठरवलाय.”

“कोणाला विचारून?”

“त्यानं मला विचारलं, बाबा.”

करणनं कपाळावरचा घाम पुसला.

“आईनं पोह्यांचं सामान आणून ठेवलंय,” बाबा अखेर म्हणाले. “रविवारी त्यालाच आण. त्याच्या घरच्यांनाही आण. आम्हालाही काहीतरी विचारायचं असतं, बाई.”