चुनडोंगरीचे हात

धरणात बुडालेल्या गावाचं जे काही उरलं होतं, ते म्हणजे चुनडोंगरी. पाण्याच्या मधोमध चुनखडीचं बेट, वर रानसीताफळं, एका जुन्या चुनाभट्टीचं काळं तोंड आणि एक गुहा. बेटावरची झाडं, वटवाघळं, गावाच्या जुन्या खुणा, सगळ्याची यादी करायला भूशास्त्र शिकलेली नूपुर खास परवानगी काढून नागपूरहून आली होती. हुडकेश्वरच्या घरून निघताना आईने बांधून दिलेल्या दशम्या तिने नावेत बसल्या बसल्याच फस्त केल्या.

नाव चंपतराव वल्हवत होते. सत्तरीचे, गाव उठल्यापासून मौद्याकडे राहणारे. त्यांची बायको गोपिकाबाई तीन दिवसांपासून धंतोलीच्या एका दवाखान्यात बेशुद्ध होती. अशा वेळी हा माणूस नाव कसली वल्हवतोय, असं नूपुरला वाटलंच, आणि प्रश्न पोटात ठेवणं तिला कधी जमलं नव्हतं.

"काका, तुम्ही दवाखान्यात नाही गेलात?"

"पोरगा हाये तिथं. डाक्टर म्हनते, काही सांगता येत नाई." त्यांनी वल्हं ओढलं. "मले तिचा हात पाहाचा हाये."

गुहेत शिरल्यावर तिला कळलं. भिंतभर पांढरे पंजे होते. गावची रीतच तशी. लग्न झालं की नवराबायकोने चुन्यात उजवा पंजा बुडवून इथे उमटवायचा. माणूस गेलं की घरच्यांनी दहाव्याला येऊन त्याचा पंजा पाण्याने पुसून टाकायचा.

नूपुरने पंजे मोजले. एकोणचाळीस.

"बराबर," चंपतराव म्हणाले. "जित्ते तेवढेच उरलो आमी."

"पण बेटावर यायला वीस वर्षं बंदी आहे ना? मग मेलेल्यांचे पुसतं कोण?"

"कोनीच नाई येत. गोपाळराव दिवाळीत गेले. त्याईचा हात इथं होता."

त्यांनी दाखवलेली जागा कोरी होती. पुसल्याचा ओघळसुद्धा नव्हता. नूपुरने वहीत काहीतरी लिहायला घेतलं आणि तसंच सोडलं.

गोपिकाबाईंचा पंजा चंपतरावांच्या पंजाशेजारी होता. स्वच्छ, पाची बोटांसकट. म्हातारा मटकन खाली बसला. "हाये," एवढंच म्हणाला आणि लेकरासारखा रडला. नूपुरलाही हायसं वाटलं.

पण तिचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं होतं. छतातून झिरपणारं पाणी विरघळलेला चुना आणतं आणि भिंतीवर दगडाची साय धरते. पंजावर अशी साय होती, नखाएवढी जाड. तेवढी धरायला चारपाचशे वर्षं तरी हवीत. गोपिकाबाईंचं लग्न होऊन पंचेचाळीसच झाली होती!

कुतूहल अंगात शिरलं की या पोरीला मागचंपुढचं सुचत नसे. दगड ओला केला की त्यातल्या रेषा उठून दिसतात, म्हणून भूशास्त्राच्या माणसाचा हात आपसूक बाटलीकडे जातो. तिचाही गेला. गोपिकाबाईंच्या पंजावरून पाणी ओघळलं.

"काहून टाकलं वं पानी!"

चंपतरावांचा आवाज गुहेत घुमला. वटवाघळं उठली.

"काका, चुकलंच माझं. पण तो दगडाखाली आहे, पुसणारच नाही. हे बघा." तिने टॉर्च जवळ धरला. पंजा होता तसाच होता, जराही फिकटला नव्हता. चंपतराव तडक नावेकडे निघाले.

निम्म्या पाण्यात रेंज आली आणि चंपतरावांचा फोन वाजला. त्यांचे हात वल्ह्यावर होते, म्हणून नूपुरने स्पीकर लावला. त्यांचा मुलगा अमोल होता.

"बाबा, आई उठली! चहा मागून राहिली!"

चंपतरावांनी वल्हं सोडून दिलं. नूपुर मोठ्याने हसली.

"बोलते का रे?"

"बोलते ना! फक्त उजवा हात ओला होऊन राहिला. पांढरं पानी निघते. सिस्टर मघापासून पुसूनच राहिल्या."

चंपतरावांनी फोन हिसकावला.

"पुसू नका म्हना त्याईले! अमोल! तसाच राहू दे!"

"काहून बा?" अमोल हसला. "झालंच आता. एक करंगळीच राहिली."