सोमवारच्या नोंदीतला प्रश्न

शुक्रवारी सकाळी डेरिक शुल्टेने आर्लीन क्विगलीच्या टेबलावर दोन कागद ठेवले आणि सहीची जागा बोटाने दाखवली.

"चारच्या आत तक्रारीसोबत नर्सिंग बोर्डाला पाठवायचंय. नोंद खरी आहे, एवढंच लिहायचं."

आर्लीनने चष्मा लावला. उत्तर मिनेसोटातल्या या छोट्या क्लिनिकची बिलं ती एकवीस वर्षं करत होती, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नोंदीवर सही तिचीच लागे. डेरिकला मॅनेजर होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. मिनियापोलिसची एक कंपनी क्लिनिक विकत घेणार होती, म्हणून त्याने आपल्या दारावर 'त्याच दिवशी बंद झालेल्या नोंदी' असा तक्ता लावला होता. महिनाभर त्यातली रेघ वर चढत होती आणि डेरिक येताजाता तिच्याकडे बघून खूश होत होता.

नोंद ऑर्विल टेस्कची होती. निवृत्त पोस्टमन, वय अठ्ठ्याहत्तर. सोमवारी गुडघ्याची जखम चिघळली म्हणून तो आला. डॉक्टर नॉर्डालनी पेनिसिलिनच्या जातीचं औषध दिलं, आणि दोन तासांत घसा सुजून म्हातारा मरता मरता वाचला. नोंदीत लिहिलं होतं, 'ॲलर्जी नाही, असे रुग्णाने सांगितले.' खाली नर्सचं नाव होतं, कॅसी लुंडग्रेन.

कॅसीला डेरिकने मंगळवारी संध्याकाळीच घरी बसवलं होतं. तिच्या गळ्यातलं कार्ड काढून घेऊन आपल्या खणात टाकलं आणि किल्ली खिशात घातली. ते कार्ड संगणकाला टेकवलं की काम सुरू. पासवर्ड इथे कुणाच्या लक्षातच राहत नसत. आता बोर्डाने परवाना काढून घेतला, तर कॅसीला पुन्हा कुठेही नर्स म्हणून उभं राहता येणार नव्हतं.

"ऑर्विल काय म्हणतो?" आर्लीनने विचारलं.

"घशात नळी आहे त्याच्या. काय म्हणणार? सही करा."

आर्लीन वाचत राहिली. पहिल्या पानावर होतं, 'अंगणातल्या पायरीवरून पडल्याने जखम.' दुसऱ्या पानावर होतं, 'गेल्या वर्षभरात पडलात का? नाही.'

तिने चष्मा पुसून पुन्हा लावला. 'नाही' जागच्या जागी होतं.

"दुपारपर्यंत बघते."

"त्यात बघायचं काय?"

"सही माझी आहे, डेरिक. काय बघायचं तेही मीच ठरवणार."

तो गेल्यावर तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. बुधवारच्या चौकोनात तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'विमा कंपनीचं पत्र. फॉर्ममध्ये नवा प्रश्न.' तिने कॅसीला फोन लावला.

"ऑर्विलला ॲलर्जीचं विचारलं होतंस?"

"विचारलं की. तो म्हणाला, पेनिसिलिन. नोंदीत ते आधीपासून होतंच, मी फक्त तपासल्याची खूण केली." कॅसीचा आवाज रडून रडून बसला होता. "आर्लीन, मलाच वेड लागलंय का? सगळे म्हणतात, संगणक खोटं बोलत नाही."

"संगणकाला काय, सांगू ते लिहितो. वर्षभरात पडलात का, हे विचारलंस?"

"पडला म्हणूनच तर आला होता तो. आणि असा प्रश्न फॉर्ममध्ये कुठे आहे?"

"दीड वाजता इथे ये. पुढच्या दाराने ये."

डॉक्टर नॉर्डाल क्लिनिकच्या स्वयंपाकघरात बटाटे-खिम्याचं थंड झालेलं हॉटडिश नुसतंच चिवडत बसले होते. औषध त्यांनीच लिहिलं होतं. नोंद बदलायला त्यांच्याइतकं सबळ कारण कुणाकडे असणार?

"औषध लिहिलंत तेव्हा संगणकावर ॲलर्जीच्या इशाऱ्याची लाल चौकट आली नाही?" आर्लीनने विचारलं.

"नाही."

"पूर्वी यायची."

"पूर्वी दिवसातून चाळीसदा यायची, नको नको व्हायचं. महिनाभर येत नाही. मला वाटलं, सुधारणा केली असेल." त्यांनी काटा खाली ठेवला. "मी यादी वाचायला हवी होती. चौकटीच्या भरवशावर राहिलो."

"नंतर ती नोंद उघडलीत?"

"हात लावायची हिंमत नव्हती."

दीड वाजता चौघं डेरिकच्या खोलीत होती.

"हिला कुणी बोलावलं?" डेरिकने विचारलं.

"मी," आर्लीन म्हणाली. "आता ऐक. या सोमवारच्या नोंदीत एक प्रश्न आहे, जो सोमवारी नव्हताच. तो मी बुधवारी दुपारी घातला. जुनी नोंद उघडली की आपलं सॉफ्टवेअर नवा फॉर्म पुढे करतं, आणि सगळी उत्तरं भरल्याशिवाय बंद होऊ देत नाही. म्हणजे बुधवार दुपारनंतर कुणीतरी ही उघडली. आणि आपण सगळे करतो तसं, न वाचता 'नाही, नाही' दाबत सुटला. कॅसीने त्या गुडघ्यातून खडे काढले होते. ती 'पडला नाही' असं लिहील?"

"मग मी, असं म्हणायचंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमच्या कार्डावर तुमचं नाव उमटलं असतं. इथे कॅसीचं उमटलंय. तिचं कार्ड मंगळवारपासून कुठे आहे?"

सगळ्यांच्या नजरा खणाकडे गेल्या.

"खणाला कुलूप आहे," डेरिक म्हणाला.

"आणि किल्ली तुझ्या खिशात."

"मी कशाला करीन? मी रुग्ण तपासतो का?"

"तपासत नाहीस. तू रेघ वर चढवतोस. लाल चौकटी वेळ खातात, आणि त्या बंद करायचा अधिकार इथे फक्त मॅनेजरला. महिन्यापूर्वी त्या तूच बंद केल्यास. ऑर्विलची ॲलर्जी नोंदीत राहिली असती, तर चौकट का आली नाही, असं पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं असतं. म्हणून तू ॲलर्जीच पुसलीस आणि पाप हिच्या गळ्यात बांधलंस."

डेरिकचा चेहरा पडला. "चौकटींना सगळेच वैतागले होते. डॉक्टर, तुम्हीच ओरडत होतात."

"ओरडत होतो," डॉक्टर म्हणाले. "त्याची लाज मला आहे. पण पुसून टाक, असं मी म्हटलं नव्हतं."

"हे बाहेर गेलं तर विक्री मोडेल. तुमची नोकरीही जाईल, आर्लीन."

"जाऊ दे. खोट्यावर सही करून टिकवायची असेल, तर ती नोकरी आत्ताच काढून घे. बोर्डाला पत्र चारच्या आत जाईल, पण ते मी लिहिलेलं असेल."

डेरिक कॅसीकडे वळला. "सोमवारपासून कामावर ये. मी तक्रार फाडून टाकतो. विषय संपला."

कॅसी पुढे झाली. "विषय तुमचा संपला असेल. ऑर्विल तिकडे खाटेवर पडून म्हणत असेल, या पोरीने माझं ऐकलंच नाही. आधी त्याला फोन लावा. माझ्यासमोर."

डॉक्टरांनी इस्पितळाचा नंबर फिरवला. नळी काल संध्याकाळीच काढली होती. ऑर्विलचा घोगरा आवाज खोलीभर ऐकू आला.

"ऑर्विल, चूक आमची आहे," डॉक्टर म्हणाले. "कॅसीने तुम्हाला विचारलं होतं, आणि तुम्ही सांगितलंही होतं. नोंद नंतर बदलली गेली."

"तिने विचारलं, मी सांगितलं, ते मला ठाऊकच आहे," ऑर्विल म्हणाला. "कालपासून मी बोलू शकतोय, डॉक्टर. तुमच्यापैकी एकानेही मला विचारलं नाही."