बिबट्याच्या मागावर गेलेला

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. माझं काही अडत नाही.

मी भुताखेतांच्या नादी लागणारा माणूस नाही. सफारीच्या जीपा दुरुस्त करतो. क्रुगरच्या जंगलाला लागून, कुंपणाबाहेरच्या गावात माझं गॅरेज आहे. अर्धं आयुष्य इथल्या शांगान जमातीच्या लोकांतच गेलंय. ज्याच्यावर हे बेतलं तो विसानी म्निसी माझा जिवलग. त्याला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेला की लगेच कान खाजवतो. हे सगळं सांगताना त्याने एकदाही कान खाजवला नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

ऑगस्टमधली लख्ख दुपार होती.

विसानी एका लॉजवर गाइड. पाहुण्यांना उघड्या जीपमधून हिंडवायचं, त्यांना फोटो मिळवून द्यायचे. त्याचा जोडीदार रिसिमाती सिबुयी. तो माग काढणारा. जीपच्या बोनेटवर, डाव्या कोपऱ्यात एक खुर्ची ठोकलेली असते. तिच्यावर बसून हा सगळ्यांच्या पुढे, नजर जमिनीवर. त्याने हात वर केला की गाडी थांबलीच पाहिजे. सिंह अगदी जवळ आला, तरच तो उठून आत येऊन बसायचा.

विसानी बडबड्या, तर रिसिमाती पक्का घुम्या.

"तुझ्या तोंडामुळे बिबटे गाव सोडून चाललेत," एवढंच म्हणायचा. तेही महिन्यातून एकदा.

जूनमध्ये रिसिमाती गेला.

कोरड्या नदीच्या पात्रात माग बघायला उतरला होता. बोरूच्या बेटातून म्हातारा, एकटा रानरेडा निघाला. विसानीला फक्त बोरू मोडल्याचा आवाज आला...

मग काहीच नाही.

आता इथली एक रीत आहे. माणूस घरापासून लांब मेला, तर त्याला तिथून आणावं लागतं. देह नव्हे, देह तर पुरलेला असतो. त्यालाच आणायचं. आपल्या बोरीच्या जातीतलं एक काटेरी झाड आहे. त्याची फांदी घेऊन घरचा माणूस त्या जागी जातो, नाव घेऊन हाक मारतो, "चल, घरी जाऊ." तो फांदीवर बसून येतो. वाटेत बरोबरच्याने त्याला सांगत राहायचं, आता पूल आला, आता फाटक आलं. आणि हाक मारून झाली की ज्याच्या हातात फांदी, त्याने घर येईपर्यंत कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही.

रिसिमातीचा मामा फांदी घेऊन गेला. गाडी विसानीचीच. हाक मारली, फांदी मांडीवर घेऊन मामा मागे बसला. विसानी सांगत होता, "रिसिमाती, नदी ओलांडतोय बरं का. रिसिमाती, आता वळण."

आणि वळणावर वाळूत बिबटीचा ताजा माग दिसला.

विसानीने ब्रेक मारला. सवय, दुसरं काय! रोज सकाळी जे तोंडातून निघायचं, तेच निघालं.

"रिसिमाती, उतर. बघ रे कुठे गेली."

बोलून गेला आणि पुन्हा गिअर टाकला. मागे मामा हाताने सीट बडवतोय, डोळे वटारतोय. पण बोलता येईना बिचाऱ्याला! विसानीला वाटलं, म्हातारा घाई करतोय. त्याने गाडी आणखी पळवली.

घरी पोचल्यावर मामाने फांदी अंगणात ठेवली आणि पहिल्यांदा तोंड उघडलं.

"गाढवा, त्याला वाटेत उतरवलंस! फांदी केव्हाची हलकी झालीये."

रिसिमातीची आई दारातच बसली होती. ती ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "माझं पोर अजून कामावरच आहे म्हणायचं."

त्या दिवसापासून तिने घराचं दार लावलं नाही. इकडे जून-जुलै म्हणजे थंडीचे दिवस, वारा आत शिरायचा. म्हातारीला खोकला लागला. जेवण घशाखाली उतरेना. "तो आल्यावर जेवेन," हाच हेका. लेक त्साकानी तिच्या विनवण्या करून थकली. सगळ्यांना दिसत होतं, रिसिमाती लवकर आला नाही तर म्हातारी काही टिकत नाही.

पण आणायचं कुठून? जिथे मेला तिथे तो आता नव्हता. तो मागावर होता. आणि बिबटी काय एका जागी बसते का?

भावाच्या खुर्चीवर आता त्साकानी बसू लागली. तीही माग काढण्यात तयार होती. पहिल्याच आठवड्यात तिने हात वर केला. गाडी थांबली.

"बुती, खाली बघ," ती म्हणाली. बुती म्हणजे दादा, विसानीलाही ती तसंच म्हणायची.

वाळूत बिबटीचा पंजा उमटला होता... आणि त्याभोवती काडीने ओढलेलं गोल.

तशी गोलं माग काढणारेच काढतात, मागच्या गाडीला दिसावं म्हणून. पण त्या सकाळी त्या वाटेने कुणीच गेलं नव्हतं. त्यांचीच गाडी पहिली. आजूबाजूला माणसाचं एकही पाऊल नव्हतं.

"दुसऱ्या लॉजवाल्यांनी केलं असेल," विसानी म्हणाला.

"उडत येऊन?"

विसानी गप्प. आणि तो गप्प बसला म्हणजे समजा, पाचावर धारण बसली.

ऑगस्टमध्ये लुंडेल नावाचा पाहुणा आला. स्वीडनचा म्हातारा, हातभर लेन्स घेऊन. त्याला फक्त बिबट्या हवा होता. बिबटी रोज मिळत होती. आता तिला शोधावंच लागत नव्हतं, गोलांमागून गेलं की झालं. तरी लुंडेलचं तोंड कडू.

"ही माझ्याकडे बघतच नाही," तो कुरकुरला.

त्याने कॅमेऱ्यावर फोटो दाखवले. झाडावर बसलेली बिबटी, मान वळवून मागे बघतेय. पाणवठ्यावर पाणी पिणारी बिबटी, डोळे वर करून मागे बघतेय. सगळ्या फोटोंत तेच. तिच्या पाठीमागे, थोड्या अंतरावर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर... काहीतरी बघतेय.

आणि त्या जागी फक्त गवत होतं.

त्साकानीने फोटो पाहिले. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"दादा आहे," ती म्हणाली. "बुती, उद्या फांदी घेऊन येते. आईच्याने आता उठवतही नाही."

विसानीला सोक्षमोक्ष लावायचाच होता. चूक त्याची, निस्तरायचीही त्यानेच. लुंडेलला सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "मी बोलणार नाही. फक्त येऊ दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी निघाले. फांदी त्साकानीच्या हातात, म्हणून ती विसानीच्या शेजारी आत बसली. बोनेटवरची खुर्ची रिकामी. लुंडेल मागे एकटा.

बिबटी सापडली नदीकाठच्या उघड्या मैदानात.

विसानीने इंजिन बंद केलं.

आधी होल्यांचा आवाज थांबला. मग टोळांचा. वारा होता, गवत हलत होतं, पण गवताचाही आवाज येईना.

बिबटी उठली आणि सरळ गाडीकडे चालत आली. अगदी बोनेटपर्यंत आली आणि बसली.

मान वर करून ती रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

विसानीच्या तोंडचं पाणी पळालं. तरी त्याने हाक मारली. आवाज फाटला.

"रिसिमाती... काम झालं गड्या. ती सापडली. आता खुर्ची सोड. आत ये. आई वाट बघतेय, घरी जाऊ."

काहीच हललं नाही.

मग बिबटीची नजर हलली... हळूहळू. खुर्चीवरून बोनेटच्या कडेला. कडेवरून त्साकानीवर. त्साकानीवरून मागे, जीपच्या पायरीकडे...

आणि गाडी एका बाजूला झुकली.

हे मी स्वतः त्याला पुन्हा पुन्हा विचारलंय. स्प्रिंगा मी बसवलेल्या, मला कळतं. जाडजूड माणूस पायरीवर चढला की जशी झुकते तशी झुकली, म्हणाला. मग सरळ झाली.

"बसला," विसानी पुटपुटला.

बिबटी मागच्या सीटकडे बघत होती. तिचे कान चपटे झाले. ओठ मागे गेले. इतके दिवस जो मागे चालत होता, त्याच्यावर ती कधी गुरगुरली नव्हती.

आता गुरगुरली. आणि पोट जमिनीला घासत पळून गेली.

विसानीला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण आनंद झाला होता ना! डोळे वाहत होते, तो गाडी हाकत राहिला. "रिसिमाती, नदी आली. रिसिमाती, हे ते वळण, आता मी बोलणार नाही हं, तू उतरू नकोस." वायरलेसवर कुणीतरी त्याला बोलावत होतं. त्याने बटण फिरवून बंद केलं. त्साकानी फांदी छातीशी धरून बसलेली, ओठ घट्ट मिटलेले.

आरशात लुंडेल दिसत होता. तो सीटच्या एका कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. कॅमेरा मांडीवर, झाकण लावलेलं.

फाटकावर पहारेकऱ्याने गाडीत पाहिलं, सलाम केला, वाट सोडली.

अंगणात पोचले तेव्हा ऊन अजून कडक होतं. रिसिमातीचा कुत्रा दारात झोपलेला. गाडीचा आवाज ऐकून तो धावत आला, शेपूट हलवत, सगळं अंग हलवत. दोन महिन्यांत पहिल्यांदाच असा उठला होता.

मागच्या सीटजवळ आला...

आणि शेपूट थांबलं.

अंगावरचे केस उभे राहिले. एक आवाज न करता तो मागे मागे सरकत गेला, घराच्या भिंतीला टेकला आणि तिथेच लघवी केली.

त्साकानीने फांदी आईच्या पुढ्यात ठेवली. "आई, दादाला आणलं. आता तरी जेव."

म्हातारीने फांदीवर हात ठेवला. डोळे मिटले.

विसानी म्हणतो, त्या क्षणी त्याला देवाकडे एकच मागणं होतं, म्हातारीने हसावं.

तिने हात झटकन काढून घेतला.

"हा माझा नाही."

"आई, असं काय बोलतेस? विसानीने नाव घेऊन हाक मारली!"

"हाक त्याची होती गं. आला दुसराच." म्हातारीचा आवाज अगदी लहान झाला होता. "कोण आहे हा? किती दिवसांचा रानात पडलाय? याला कुणी न्यायलाच आलं नाही वाटतं."



लुंडेलला खाली उतरायला दोघांनी धरावं लागलं. त्याच्या डाव्या दंडाला, जिथे शेजारचा माणूस टेकतो तिथे, शर्ट ओला होता. नदीच्या गाळाचा वास येत होता. नदीला तर मे महिन्यापासून थेंब नाही! लुंडेल त्याच दिवशी विमानतळावर गेला.

फांदी परत नेता येत नाही. उंबऱ्यापर्यंत बोलावलेल्याला हाकलताही येत नाही. मामा म्हणाला, तसं केलं तर तो घरातल्याच कुणालातरी घेऊन जाईल. शेवटी म्हातारी हळूच बाजूला सरली. "ये बाबा," ती म्हणाली, "तुझीही आई असेल कुठेतरी." आणि त्याला आत घेतलं.

ती जगली. जेवायलाही लागली. मक्याच्या पिठाच्या उकडीचं एक ताट भिंतीपाशी ठेवते, सकाळी ते रिकामं असतं. कुत्रा त्या घरात पुन्हा गेला नाही. तो माझ्या गॅरेजमध्ये झोपतो.

त्साकानी रोज म्हणते, पुन्हा जाऊ, दादा अजून तिथेच आहे. विसानीचं धाडस होत नाही. परवा माझ्याकडे बसून लहान मुलासारखा रडला.

"हाक मारीन रे. पण चढला कोण ते मला कसं कळणार? त्या रानात कितीजण वाट बघत उभे असतील?"

मी त्याला चहा दिला.

दर रविवारी तो म्हातारीला भेटायला जातो. जावंच लागतं. ती चांगलं बोलते, खायला घालते. निघताना दारापर्यंत येते, आत ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणते, आणि विचारते,

"पाहुणा बरा आहे बाळा. पण माझा कुठे आहे?"