चार वाजून दहा मिनिटांची खूण

वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावाचा हिवाळा बाहेरच्यांना कळत नाही. बर्फ नाही की वादळ नाही. फक्त दुपारी तीनलाच डोंगराची सावली घरांवर उतरते आणि नदीवरचं धुकं हळूहळू कुंपणापाशी येऊन उभं राहतं. दोन हजार सोळा साल, जुलै महिना. अशाच एका शनिवारी स्नेहलला सुशीलचा फोन आला.

स्नेहल मूळची पुण्याची, वेलिंग्टनच्या एका छोट्या कंपनीत मोबाइल ॲप बनवायची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी तिनं एक ॲप केलं होतं. दिवसातून एकदा 'मी ठीक आहे' हे बटण दाबायचं, वाटलंच तर दोन शब्द बोलायचे. ते क्लाउडमध्ये साठायचं आणि मुलांच्या फोनवर हिरवी खूण उमटायची. सुशील ऑकलंडला माउंट रॉस्किलमध्ये राहायचा. त्याचे वडील, गुरुनाथकाका, इथे स्नेहलच्या घरापासून दोन गल्ल्यांवर एकटेच. त्यांची पत्नी, दमयंतीकाकू, मागच्या ऑक्टोबरात वारल्या होत्या.

"बाबा म्हणतात, तीन आठवडे झाले, बटणच दिसत नाहीये," सुशील म्हणाला. "पण मला तर रोज हिरवी खूण येतेय! जरा बघशील?"

"बघते की. आत्ताच जाते."

काकांनी दार उघडलं तेच हसत. "ये गं, ये. चहा टाकतो. आलं घालू ना?"

बटणाचं कोडं दहा मिनिटांत सुटलं. काकांनी फोनवरची अक्षरं खूप मोठी करून घेतली होती. त्यामुळे बटण स्क्रीनच्या खाली ढकललं गेलं होतं आणि पान वर सरकत नव्हतं. चूक स्नेहलचीच. तिनं लॅपटॉपवर दुरुस्ती केली, नवं ॲप फोनवर चढवलं, बटण दिसू लागलं.

पण मग तीन आठवड्यांच्या खुणा कुठून आल्या? तिनं क्लाउडमधल्या नोंदी उघडल्या. रोज एक, आणि रोज बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी. खोटी हिरवी खूण म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. उद्या काका घरात पडले तरी तिकडे सुशील निर्धास्तच राहणार.

नोंदी काकांच्या फोनवरून नव्हत्याच. त्या त्याच खात्याला जोडलेल्या, काकूंच्या जुन्या टॅबलेटवरून येत होत्या.

"तो? तो कपाटात आहे," काका स्वयंपाकघरातून म्हणाले. "तिच्या शालीत गुंडाळून ठेवलाय. कधीचा बंद पडलाय."

खरंच बंद होता. चार्जरही सापडेना. जुन्या नोंदी कुठंतरी अडकून पुन्हापुन्हा पाठवल्या जात असतील, असं स्वतःला समजावत स्नेहलनं तो टॅबलेट खात्यातून काढून टाकला. तेवढ्यात आतून पातेलं आदळल्याचा आवाज आला.

"काही नाही, बोट भाजलं जरासं," काका म्हणाले आणि दोन्ही कप घेऊन बाहेर आले.

बाहेर उजेड पिवळट झाला होता. धुकं खिडकीला टेकलं होतं. खोलीत आल्याचा वास होता, आणि त्याच्या आडून चंदनी पावडरचा. लॅपटॉपवर नवी नोंद उमटली. चार दहा. सोबत सहा सेकंदांचा आवाज.

स्नेहलनं तो लावला.

"ह्यांचा चहा झालाय. गोळी घेतलीय. बोट भाजलंय, तूप लाव म्हणावं…"

काकांनी कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला.

"दमूच आहे," काका अगदी हळू म्हणाले. "जुना आवाज नाही हा. बोट तर आत्ता भाजलं… स्नेहल, हे दुरुस्त नको करूस. राहू दे."

"पण काका, सुशीलला खोटी खूण जाते. तुम्हाला काही झालं तर…"

शेवटी मधला मार्ग निघाला. सुशीलला फक्त काकांच्या बटणाची खूण जाईल. चार दहाची खूण फक्त स्नेहलकडे येईल. ऑफिसात तिनं कुणाला हे सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

पहिले काही दिवस चार वाजले की ती काम सोडून घड्याळाकडे बघत बसायची. मग सवय झाली. 'आज भात करपवलाय.' 'स्वेटर घालत नाहीत.' शेजारच्या टेबलावरची माणसं विचारायची, कानाला हेडफोन लावून ही का हसतेय?

ऑगस्टातल्या एका गुरुवारी खूण आली नाही.

काकांनी सकाळी बटण दाबलं होतं. सुशीलच्या फोनवर हिरवं होतं. सर्व्हर ठीक, इंटरनेट ठीक. चार बारा. चार पंधरा. स्नेहलनं काकांना फोन लावला. वाजत राहिला. मग शेजारच्या मेरेबाईंना लावला. त्यांच्याकडे काकांच्या घराची किल्ली असायची.

"किया ओरा, डिअर—" मेरेबाईंनी नेहमीसारखा माओरीत नमस्कार केला.

"मेरे, प्लीज, काकांकडे जा. आत्ताच्या आत्ता."

काका न्हाणीघरात पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं, अंगावर फक्त पंचा, आणि खिडकी उघडी. ॲम्ब्युलन्सबरोबर आलेली नर्स म्हणाली, अजून तासभर या थंडीत गेला असता तर अवघड होतं.

सुशील रात्रीच्या विमानानं आला. इस्पितळाच्या व्हरांड्यात त्यानं स्नेहलचे दोन्ही हात धरले. "तुला कळलं कसं गं? माझ्याकडे तर सगळं ठीक दिसत होतं."

"वाटलं," ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी काका वॉकर घेऊन घरी आले. मधल्या काळात एकही नोंद आली नव्हती. त्या दुपारी स्नेहल मुद्दाम लॅपटॉप घेऊन गेली. चहा तिनं केला, स्वेटर काकांनी आपणहून घातला. काका खुर्चीत लहान मुलासारखे ताटकळत बसले होते. चार दहाला खूण उमटली.

"लाव, लाव," काका म्हणाले.

"आले बाई घरी. चहा घेतला. शहाण्यासारखा स्वेटरही घातलाय…"

काकांचे डोळे भरून आले. ते हसत होते. पण आवाज संपला नव्हता. नोंद आज एकोणीस सेकंदांची होती. काकू थोड्या लांब गेल्यासारख्या वाटल्या, जणू मागे वळून दुसऱ्याच कुणाशी बोलत होत्या. दबक्या, विनवणीच्या सुरात.

"नाही… आज नाही. त्या दिवशी ह्यांना सोडलंत ना… अजून थोडे दिवस…"

मग नोंदीतच कुणाचीतरी जड पावलं जवळ आली, आणि थांबली.

काका कानामागे हात धरून पुढे वाकले. त्यांना हल्ली कमी ऐकू यायचं.

"शेवटी काय म्हणाली गं ती?"

"काही नाही काका," स्नेहल म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. "नुसती खरखर आहे."